बारागाड्या आणि हिरवं बटण

धुळे, १० नोव्हेंबर २०२४

साडूभाऊ बन्सीलाल यांना मगनचा रामराम.

पत्र पाहून हसू नका. घरात फोन आहे, चालतोही. पण हल्ली कानात दडे बसतात, समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, म्हणून कागद बरा.

तुमचं मोटारी गुंडाळायचं दुकान आहे म्हणून एक काम सांगतो. हितेंद्र दिवाळीला आला नाही, पुण्याहून खोकं आलं. त्यात रिमोटची गाडी. ट्रकसारखी, मोठाल्या चाकांची, दगडधोंड्यांवरून जाणारी. 'आबा, घरी बसून कंटाळाल, खेळा' अशी चिठ्ठी. पोरगा येत नाही, पार्सल येतं. असो.

डॉक्टरनं मला जोर लावायचं बंद केलंय. हातापायांतली ताकद कमी झालीय, नसांचं काहीतरी आहे म्हणतात. म्हणून यंदा वैशाखात आखाजीनंतरच्या यात्रेत खंडेरावाच्या बारागाड्या मी ओढायच्या नाहीत असं गावानं ठरवलं. पुतण्या जितेंद्र भगत होऊन गाड्या ओढणार. ठरवलं ते बरोबरच. पण माझा नवस तुम्हाला माहीत आहे. डिंपल लहानपणी साप चावून निपचित पडली होती, तेव्हा मी देवाला बोललो होतो, पोरगी वाचली तर अंगात जीव आहे तोवर गाड्या माझ्या हातानं ओढीन. जीव तर अजून आहे. आणि डिंपलला दिवस गेलेत. नवस अशा वेळी मोडायला मी धजत नाही.

मग मी डोकं चालवलं. देवाला ओढीन म्हणालो होतो, गाड्या केवढ्या ते कुठं ठरलं होतं? कादर मिस्त्रीनं सागाच्या तुकड्यांच्या बारा चिमुकल्या गाड्या करून दिल्या, जू आणि चाकांसकट. त्या या रिमोटच्या गाडीमागे बांधायच्या आणि देवळापुढच्या दगडी फरशीवरून पायरीपर्यंत न्यायच्या. रिमोट माझ्या हातात म्हणजे ओढणारा मीच. पुजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मगनआबा, देव काही मोजपट्टी घेऊन बसलेला नाही."

अडचण एवढीच की गाडी सुसाट आहे. रिमोटचा चाप बोटानं जरा ओढला की उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी सुटते. पहिल्या हिसक्यालाच मागच्या गाड्या उलथ्यापालथ्या. ती मुंगीच्या चालीनं चालेल असं काही करा.

बाकी बठ्ठं बरं शे.

तुमचा,
मगन

सावदा, १८ नोव्हेंबर २०२४

मगन,

तुझं पत्र आलं आणि सुनंदा म्हणाली, "कोर्टाचं असेल, आधी हात धुऊन घ्या." पोस्टमनही दुकानात रेंगाळला. हाताचं अक्षर असलेलं पाकीट त्यालाही फार दिवसांनी दिसलं असणार.

कानातले दडे सुटले की फोन कर. माझे कान मात्र अजून ठणठणीत आहेत. काल एक केळीवाला विहिरीतली मोटर घेऊन आला. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला लावलं, मूठ कानाला लावली आणि सांगितलं, खालचं बेअरिंग गेलंय. तो म्हणाला, "शेठ, उघडून तर पाहा." उघडलं. बेअरिंगच! शाळेनं मला सातवीत बाहेर काढलं, पण या कानांना अजून कुणी नापास केलेलं नाही. दुकान, घर, वरचा मजला, सगळं यांच्याच जिवावर उभं आहे.

तुला गाड्या ओढताना मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नाच्या वर्षी. बारा बैलगाड्या एकीमागे एक जखडलेल्या, प्रत्येकीवर माणसं लोंबकळताहेत, बैल एकही नाही, आणि पुढे कमरेला दोर घेऊन तू एकटा. मी सासऱ्यांना म्हणालो, "मामा, हा मनुष्य मरतो आज." ते म्हणाले, "गप्प बसा, तो तुमचा साडू होणार आहे." तेव्हापासून तुझ्यापुढे मी ताकदीची गोष्ट कधी काढली नाही.

आता कामाचं. हलकी बॅटरी लावून चाल कमी करायला जाऊ नकोस. वीज कमी केली की चालही जाते आणि जोरही जातो. तुला चाल घालवायची आहे, जोर ठेवायचा आहे. त्याचे रस्ते दोन. मोटरच्या दांड्यावर बारकं दातेरी चाक असतं, पिनियन म्हणतात त्याला. ते कमी दातांचं बसवायचं. मग मोटर पुष्कळ फिरते तेव्हा गाडीचं चाक थोडं फिरतं, पण दाबून फिरतं. दुसरा रस्ता माझ्या घरचा. मोटरच्या पोटात तांब्याच्या तारेचे फेरे असतात. तार बारीक घेऊन फेरे वाढवले की मोटर थोराड बैलासारखी होते. पळत नाही, पण चिखलात बसलेली गाडी बाहेर काढते.

एसटीच्या पार्सलनं गाडी पाठवून दे. तू देवाचा भगत, तर मी भगताचा मेकॅनिक.

बन्सीलाल

धुळे, ६ जानेवारी २०२५

साडूभाऊ, रामराम.

गाडी मिळाली. आवाज बदलला, चाल पुष्कळ कमी झाली. कादर मिस्त्री पाहायला आला होता, म्हणाला, "भाईजान, अब ये गाडी नहीं, हाथी है." चाकांत तुम्ही शिशाचे तुकडे घातलेत त्यानं तोलही धरते.

तरी काम झालं नाही. अजून हिसके मारते. मध्येच पळते, मध्येच थांबते, पुन्हा पळते. सहाव्या-सातव्या गाडीचा आकडा निघतो आणि मागचं सगळं तिथंच राहतं. आणखी मंद करा. काय लागेल ते करा, पण आणखी मंद.

अक्षर वेडंवाकडं झालंय, पेन खराब आहे.

बाकी बठ्ठं बरं शे.

मगन

सावदा, १४ जानेवारी २०२५

मगन, तिळगूळ घे.

मी गुंडाळलेली मोटर हिसके मारते हे मला मान्य नाही. ही तक्रार नव्हे, अपमान आहे! यापेक्षा मंद केली तर तुझी गाडी आखाजीला निघून पोळ्याला पोचेल.

डिंपलला सांग, गाडी चालत असताना मोबाइल जमिनीवर ठेवून आवाज भरून मला पाठव. मला चित्र नको, नुसता आवाज. कार्बन घासत असेल तर कळेल, दाता अडत असेल तर तेही कळेल.

तुझे दडे सुटत कसे नाहीत? लसणाचं तेल घालून पाहा.

बन्सीलाल

सावदा, २२ जानेवारी २०२५

चि. डिंपल हिला काकांचे आशीर्वाद.

तू पाठवलेला आवाज ऐकला. हे पत्र तुझ्या धुळ्यातल्याच सासरच्या पत्त्यावर टाकतोय, कारण आबांच्या हाती पडायला नको.

मोटर एकदम ठाकठीक आहे. दाते ठीक, कार्बन ठीक. मोटर हुंकार देते, तुटते, पुन्हा देते, पुन्हा तुटते. हे मोटरचं काम नाही. तिला तिकडून हुकूमच तसा मिळतोय. पोरी, अडखळतंय ते बोट आहे. तुझ्या आबाला चाप अर्धा ओढून धरता येत नाही. ओढला तर पुरता ओढला जातो, नाहीतर सुटतो.

आणि मागून कुणीतरी 'थांब' म्हणालं. आधी वाटलं, कुणी दारुडा दारात आलाय. मग दुकानाचं शटर खाली ओढलं आणि पुन्हा पुन्हा ऐकलं. तो आवाज ज्या माणसाचा आहे त्याची हाळी मी यात्रेच्या गर्दीत ओळखायचो. जिभेनं तो शब्द उचलला नव्हता, फरपटत आणला होता.

दडे-बिडे काही नाहीत ना? तो फोन करत नाही, कारण फोनवर मी ऐकीन. खरं काय ते लिही. तुझ्या मावशीला मी अजून काही बोललो नाही.

काका

धुळे, ३० जानेवारी २०२५

काका, नमस्कार.

तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. आधी जीभ जड झाली, मग उजवा हात, आता पायही. नाशिकला दोनदा नेऊन आणलं. नसा एकेक करून विझत जातात, असं डॉक्टर म्हणाले. औषध देतात, पण देताना आमच्याकडे पाहत नाहीत. मी विचारलं, "हे कुठवर जाणार?" त्यांनी आधी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्यावरूनच कळलं.

आबांनी आम्हाला बजावलंय, "बन्सीभाऊंचा फोन घ्यायचा नाही. त्या माणसाचे कान लई वाईट. एका शब्दात पकडील."

डोकं मात्र पहिल्यासारखंच आहे. जितेंद्रदादा गाड्यांचा दोर कसा धरावा ते विचारायला येतो, तर आबा खाणाखुणा करून त्याला झापतात. आईनं परवा चुकून त्यांच्यादेखत डोळे पुसले, तर तिलाही झापलं.

काका, नवसावर माझा विश्वास आहे की नाही ते मला सांगता येत नाही. पण आबा माझ्या पोटाकडे पाहतात आणि मग त्या गाडीकडे पाहतात, ते मला बघवत नाही.

डिंपल

सावदा, १० फेब्रुवारी २०२५

मगन,

दोष सापडला. तू म्हणत होतास तेच बरोबर, मीच हट्टाला पेटलो होतो. रिमोटच्या चापात खोट होती. कंपनीवाले बारक्या पोरांच्या बोटांच्या मापानं चाप करतात, तुझ्यासारख्या रेड्याच्या बोटाला तो कसा पुरणार?

चाप काढून टाकलाय. त्या जागी पंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटण बसवलंय, मस्त बोराएवढं. आतली कडक स्प्रिंग काढून मऊ घातलीय. आता अर्धं-पाऊण काही नाही. बटण दाबलं की खट् वाजतं आणि गाडी निघते. पुरतं दाबलं तरी मुंगीचीच चाल, त्याच्या वर जायला रस्ताच ठेवला नाही. बोट उचललं की उभी. गाडी दिशा सोडत नाही, पुढची चाकं सरळ आवळून टाकलीत.

तू फक्त दाबायचंस. खट् वाजलं की समजायचं, गाड्या ओढल्या.

कानांचं जमेल तेव्हा जमू दे. मलाही हल्ली लिहायची सवय लागलीय. सुनंदा म्हणते, लग्नानंतर मला एक चिठ्ठी लिहिली नाहीत आणि साडूला कागदावर कागद.

बन्सीलाल

धुळे, १९ मार्च २०२५

साडूभाऊ,

हे अक्षर डिंपलचं आहे. मी पाटीवर बोटानं अक्षरं काढतो, ती कागदावर उतरवते; शब्द माझेच.

पेन खराब नव्हतं. तुम्हाला कळलंय हे मला बटण पाहिलं तेव्हाच कळलं. रेड्याचं बोट म्हणालात, बरं वाटलं. इथं सगळे माझ्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं बोलतात.

बारा गाड्या अंगणात नीट गेल्या. एकही उलटली नाही. आईबापानं पहिलं पाऊल पाहावं तसे आम्ही पाहत बसलो.

होळीपासून रोज सकाळी दाबतो. एकदा दाबून हात ठेवून देतो, जास्त खर्च करत नाही. स्प्रिंग अजून मऊ होत असेल तर करा. आखाजीपर्यंत हे एक बोट पुरलं की झालं. त्यापुढे मला काही नको.

बाकी बठ्ठं बरं शे.

मगन

सावदा, १२ एप्रिल २०२५

चि. डिंपल,

परवा तुमच्याकडून निघालो ते थेट दुकानात येऊन बसलो. घरी गेलो असतो तर सुनंदानं तोंड पाहून ओळखलं असतं.

तू आणि आई आत स्वयंपाकघरात होतात तेव्हा मी आबाशेजारी बसलो होतो. नवी स्प्रिंग मी स्वतः घातली. तिच्यापेक्षा मऊ घातली तर बटण आपल्याच वजनानं खाली बसेल. त्यानं बोट बटणावर ठेवलं. कपाळाची शीर फुगली. मी कान लावून बसलो होतो. खट् झालं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी गाढवासारखा म्हणालो, "आज हवा दमट आहे, स्प्रिंग फुगली असेल." तुझा बाप हसला गं. नुसत्या डोळ्यांनी हसला.

अजून अठरा-वीस दिवस आहेत आणि ते बोट रोज थोडं थोडं जातंय. म्हणून मी एक ठरवलंय. तसाच दुसरा रिमोट मी मागवलाय. एक गाडी एकाच रिमोटचं ऐकते. यात्रेच्या सकाळी गाडी माझ्या रिमोटशी जोडून टाकीन. तो माझ्या खिशात राहील. आबाच्या हातात हिरव्या बटणाचा नुसता डबा. तो बोट ठेवील, मी खिशात दाबीन, गाड्या पायरीला लागतील. देवाला काय फसवायचं ते माझ्या माथी. माझ्या साडूला एक रात्र झोप लागू दे.

आईला सांगू नकोस.

काका

धुळे, १७ एप्रिल २०२५

काका,

हो म्हणायचं धाडस होत नाही आणि नाही म्हणायचंही होत नाही.

पण एक सांगा. त्या दिवशी आबांनी खरंच दाबलं तर? त्यांच्या हातातला रिमोट तर मेलेला असेल.

डिंपल

सावदा, २१ एप्रिल २०२५

पोरी,

शंका बरोबर काढलीस, मेकॅनिकची भाची शोभतेस. पण बटणाला खटका आहे ना? मी त्याच्या खुर्चीला टेकूनच उभा असणार. खट् वाजलं की त्याच क्षणी मी माझं दाबीन. म्हणजे ओढल्या त्यानंच, मी नुसती मधली तार. आणि नाहीच वाजलं, तर जरा वाट पाहीन आणि मग दाबीन.

चाळीस फूट खोल पाण्यातलं बेअरिंग ऐकणारे कान आहेत हे. हातभरावरचा खटका चुकणार नाहीत. निर्धास्त राहा.

काका

सावदा, ४ मे २०२५

मगन, माझ्या राजा!

परवाची यात्रा डोळ्यांपुढून जात नाही. इथं दुकानात जो येतो त्याला सांगतोय. तार विकत घ्यायला आलेल्या माणसालाही सांगितलं, तो बिचारा पैसे देऊन उभाच राहिला.

काय गर्दी लोटली होती! पुढे जितेंद्र हळदीनं पिवळा झालेला, मागे खऱ्या बारागाड्या उभ्या, आणि सगळं गाव तुझ्या खुर्चीभोवती वाकून तुझ्या चिमुकल्या गाड्या पाहतंय. तो जितेंद्र म्हणाला, "काकांच्या ओढून होऊ द्या, मग मी दोर धरीन." पोरात पाणी आहे. डफवाल्यांनी आणि त्या भोंग्यानं मात्र कान बधिर करून सोडले. मूठभर भंडारा तर माझ्या तोंडातच गेला.

आणि मग निघाली! काय चाल होती, मगन! लग्नाची वरात अशी चालत नाही. बाराच्या बारा, एकीचं चाक उचललं गेलं नाही, आणि पायरीला जाऊन टेकली. म्हाताऱ्या बायका त्या खेळण्याच्या पाया पडत होत्या. तू गाड्या ओढल्यास. जीव आहे तोवर ओढीन म्हणाला होतास, ओढल्यास. आता मनात काही ठेवू नकोस.

तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पुसलं नाही, म्हटलं, लोकांना पाहू दे.

डिंपलची तब्येत सांभाळा. पुढचा महिना तिचा आहे.

बन्सीलाल

धुळे, १३ मे २०२५

बन्सीभाऊ,

आता पाटीवर बोटही चालत नाही. डिंपल एकेक अक्षर दाखवते, मी पापणी मिटतो. म्हणून थोडं लिहितो.

मी रागावलो नाही. तुम्हीही स्वतःवर रागावू नका.

तुम्ही आलात त्या दिवशी बटण दबलं नाही. नंतर कधी दबायचं, बहुतेकदा नाही. यात्रेआधीचे काही दिवस मी दाबलंच नाही. साठवून ठेवलं.

भंडारा उधळला तेव्हा दाबलं. सगळं घालून दाबलं. बटण खाली गेलं. गाडी हलली नाही. मला वाटलं, देवाला माझ्या हातचं नको. बोट घसरून मांडीवर आलं. मग गाडी निघाली. लोक ओरडले. माझं बोट मांडीवर होतं आणि गाड्या चालल्या होत्या. ते पाणी त्याचं होतं.

घरी आल्यावर डिंपलकडे पाहिलं. तिनं न विचारता सांगितलं. तिला बोलू नका. तेव्हापासून ती पोटावर हात ठेवून बसते.

त्या दिवसानंतर बटण पुन्हा दबलेलं नाही. पुढच्या आखाजीचं मी बोलत नाही.

गाडी पार्सलनं परत पाठवली आहे. मोटर चांगली आहे, कुणाच्या कामी येईल.

तुमच्या कानांवर माझा फार भरवसा होता. खटका वाजला होता.

मगन